लिस्बनच्या मासळीवालीचं गाणं आणि तिच्या पाटीचा हिशोब



जून लागला, बंदी सुरू झाली. 61 दिवस ट्रॉलर जेटीला बांधलेले, जाळी शेडमध्ये, इंजिनं खोलून ठेवलेली. एरवी या पेजवर डिझेल सबसिडीचे फॉर्म, हवामानाचा इशारा आणि लायसन्सची शेवटची तारीख हेच असतं. आता जरा उसंत आहे म्हणून वेगळा विषय घेतोय. विषय गाण्याचा आहे, पण शेवटी तो मासळीचाच आहे, तेव्हा काळजी नको.

आपण बंदीत बसलेले असतो त्याच दिवसांत, 12 जूनच्या रात्री, पोर्तुगालच्या राजधानीत लिस्बनला मोठी मिरवणूक निघते. सां आंतोनच्या फेस्ताची आदली रात्र. शहरातल्या प्रत्येक जुन्या वाड्याचं आपलं पथक, आपला पोशाख, दर वर्षी नवीन गाणं. 1932 पासून ही पद्धत आहे. गल्लीगल्लीत निखाऱ्यावर तारल्या भाजत असतात. या पथकांत माद्रागोआ नावाच्या वाड्याचं पथक असतं, आणि त्यातल्या बायका बऱ्याचदा मासळीवालीच्या वेषात नाचत येतात. डोक्याला रुमाल, कमरेला पट्टा, हातात नाहीतर डोक्यावर पाटी. (माद्रागोआ हे नाव "मादरी दे गोवा", म्हणजे गोव्याच्या नावाच्या जोगिणींच्या मठावरून आलं असं एक मत आहे. आपलं नाव कुठे कुठे जाऊन बसलंय बघा.)

ही मासळीवाली पोर्तुगीज गाण्यांत किती वेळा आली असेल त्याला गणतीच नाही. फादोमध्ये आहे, मिरवणुकीच्या गाण्यांत आहे, सिनेमात आहे. चित्रांत, टाइल्सवर, पोस्टकार्डांवर तर आहेच. तिला तिथे 'वारीना' म्हणतात. एखाद्या धंद्यातल्या बाईचं एवढं कौतुक दुसऱ्या कुठल्या देशाने केलं असेल असं मला वाटत नाही. पण ते वाचत गेलो, ऐकत गेलो, तसा माझ्या मनात सेक्रेटरीचा प्रश्न आला. गाणी एवढी, मग बाईच्या हातात काय पडलं?

आधी ती कोण ते सांगतो.

वारीना हा शब्द 'ओव्हारीना'चा तुकडा आहे. ओव्हारीना म्हणजे ओव्हार गावची. ओव्हार हे लिस्बनच्या बरंच उत्तरेला, पोर्तो शहराच्या अलीकडे, आव्हेइरूच्या खाडीजवळचं गाव. तिथल्या आणि शेजारच्या मुर्तोझासारख्या गावांतल्या लोकांची मासेमारी म्हणजे आपली रापणच. त्यांच्याकडे तिला 'शाव्हेगा' म्हणतात. चंद्रकोरीसारखी दोन्ही टोकं उंच उचललेली होडी लाटा फोडून आत जायची, अर्धगोल जाळं टाकायची, आणि दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढायचे. फरक एवढाच की आपले रापणकार हाताने ओढतात आणि तिथे बैलांच्या जोड्या जुंपायचे. वाळूत बैल, मागे दोर, दोरामागे बायका-पोरं. जाळ्यात मुख्य म्हणजे तारली. मासळी आली की वाटे पडायचे, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा. रापणीवर ज्यांची घरं चालली त्यांना हे वेगळं समजवायला नको.

पण तो समुद्र अटलांटिक. हिवाळ्यात तिथे रापण घालायची सोयच नसते. आपल्याकडे जून-जुलै, तसे त्यांचे थंडीचे महिने उपाशी. म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ही माणसं कामासाठी लिस्बनला उतरायला लागली. 1860 च्या दशकात पोर्तोची रेल्वे झाली, मग येणं आणखी वाढलं. पुरुष तेजो नदीत मासे मारायचे किंवा 'फ्रागाता' नावाच्या मोठ्या शिडाच्या मालवाहू होड्यांवर खलाशी व्हायचे. बायकांनी पाटी उचलली. राहायला सगळे एकाच ठिकाणी, धक्क्याच्या वरच्या अंगाला माद्रागोआच्या अरुंद गल्ल्यांत. हळूहळू 'ओव्हारची बाई' याचा अर्थच 'मासळी विकणारी बाई' असा झाला. पुढे लिस्बनमध्ये जन्मलेल्या मुलींनाही लोक वारीनाच म्हणायला लागले.

आता तिचा दिवस बघा, कारण गाण्यात तो अर्धाच येतो.

पहाटे ती धक्क्यावर. मासळीचा लिलाव तिथे. 'लिलाव' हा शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतलेला आहे, पोर्तुगीज 'लेलांव'. पण त्यांची पद्धत आपल्या उलट. आपल्याकडे बोली चढत जाते, त्यांच्याकडे उतरत येते. ओरडणारा माणूस मोठ्या आकड्यापासून सुरू करतो आणि भराभर आकडे खाली आणतो. ज्याला घ्यायचं त्याने मध्येच "शुई!" म्हणायचं. जो पहिला म्हणेल त्याला त्या भावात माल. लवकर म्हटलं तर महाग पडतं, एक श्वास जास्त थांबलात तर शेजारीण घेऊन जाते. दुसरी संधी नाही. म्हणजे त्या काही सेकंदांत बाईच्या डोक्यात अख्ख्या दिवसाचा हिशोब झालेला पाहिजे. आज कुठला वार, कुठल्या गल्लीत कोण घेईल, ऊन किती, पाटीतलं किती खपेल, किती उरेल. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका हे रोज करत होत्या. हा भाग मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि यावरचं गाणं मला अजून सापडलेलं नाही.

माल घेतला की पाटीत भरायचा. पाटी म्हणजे पातळ लाकडी पट्ट्यांची, लांबट, उथळ. खाली डोक्यावर कापडाची चुंबळ. होय, आपलीच चुंबळ, नाव तेवढं वेगळं. घोळदार घागरा, त्यावर एप्रन, आणि कमरेखाली घट्ट बांधलेला पट्टा. हा पट्टा शोभेचा नव्हता. पाणी आणि चिखल लागू नये म्हणून घागरा वर खोचायला तो लागायचा, आणि ओझं घेऊन चढताना कमरेला आधारही व्हायचा. एप्रनच्या खाली कापडी पिशवी, त्यात पैसे. कानात सोनं. बँकेची पायरी कधी न चढलेल्या बाईची सगळी शिल्लक कानात आणि गळ्यात, अडचणीला गहाण टाकायला बरी. आपल्याकडच्या काकी-मावश्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

लिस्बन हे टेकड्यांवर बसलेलं शहर. गिऱ्हाईक वर, धक्का खाली. त्यामुळे भरलेली पाटी चढावर न्यायची आणि रिकामी उतारावर आणायची, उलटं कधीच नाही. बर्फ नाही, म्हणून दुपारच्या आत खपलंच पाहिजे. तारली वजनावर नव्हे, नगावर जायची, पंचवीसचा एक हिशोब, म्हणजे पाव शेकडा. चौथ्या मजल्यावरच्या बाईला ऐकू जायला हवं म्हणून आरोळी. ही आरोळी साधी ओरड नव्हती, तिला ठरलेली चाल असायची. शेवटचा सूर लांबवायचा, वर न्यायचा, म्हणजे तो उंच घरांच्या मधून वर जातो. खिडकी उघडायच्या आधीच वरच्या बाईला कळायचं की आज कोण आली आणि काय आणलं. गाणाऱ्यांच्या कानावर पहिल्यांदा पडली ती ही चाल.

आणि दुपारी पाटी रिकामी झाली की काम संपलं असं नाही. या वाड्यातल्या बायका धक्क्यावर जहाजातून कोळसा उतरवायलाही जायच्या. त्याच डोक्यावर, त्याच चुंबळीवर, मासळीच्या जागी कोळसा.

आता फादो. सोनिया शिरसाट गातात म्हणून आपल्या गोव्यात बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात लिस्बनच्या बंदराजवळच्या गरीब वस्त्यांत हे गाणं तयार झालं. एक गाणारा किंवा गाणारी, बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि साथीला साधी गिटार. 2011 मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. फादोची पहिली नावाजलेली गायिका मारिया सेव्हेरा, 1820 ची, 26 व्या वर्षी वारली. तिची आई दारूचं दुकान चालवायची. म्हणजे हे गाणं राजवाड्यातलं नाही, जिथे खलाशी, हमाल आणि मासळीवाल्या राहायच्या तिथलंच आहे. मग मासळीवाली गाण्यात येणारच.

सगळ्यात मोठं नाव अमालिया रॉड्रिग्ज. जन्म 1920, मृत्यू 1999. त्यांचं 'मारिया लिश्बोआ' नावाचं गाणं आहे, शब्द कवी दाविद मोराँव-फेरेइरा यांचे, चाल आलाँ उलमान यांची. 1962 च्या रेकॉर्डवर आलं. त्यातली नायिका वारीना आहे, आणि नाव बघा, आडनावाच्या जागी शहराचंच नाव. मासळीवाली म्हणजेच लिस्बन, असा थाट. मी ते यूट्यूबवर बऱ्याच वेळा ऐकलं. शब्द कळले नाहीत तरी चालीत पाटी डोलल्यासारखी वाटते. गाणं सुंदर आहे यात वादच नाही.

आणि अमालिया स्वतः? फादोच्या घरात गायला लागण्याआधी त्यांनी आईबरोबर आल्कांतारा धक्क्यावर फळं विकली. त्याआधी भरतकाम केलं, मिठाईच्या कारखान्यात काम केलं. मेल्यावर त्यांना देशाच्या पँथिऑनमध्ये, राष्ट्रपती आणि मोठ्या लेखकांच्या रांगेत पुरलं, तिथे जागा मिळालेली ती पहिली बाई. धक्क्यावर फळं विकणारी मुलगी एवढी वर गेली. पण गाऊन गेली, फळं विकून नाही, हेही तितकंच खरं.

आता गाण्यात काय येतं ते बघू. चाल येते, म्हणजे चालण्याची ढब. कंबर येते. आवाज येतो, तोंडाचा फटकळपणा येतो, डोळे येतात. समुद्राचा वास येतो, तोही सुगंध म्हणून. पाटी येते, पण पाटीचं वजन येत नाही. उधारी येत नाही. न खपलेली मासळी तर नाहीच.

हे फक्त कवींचं विसरणं नव्हतं. 1927 मध्ये पोर्तुगालमध्ये नियम आला. गाणाऱ्याने व्यावसायिक कार्ड काढायचं, आणि गाण्याचे शब्द आधी सेन्सॉरकडून तपासून घ्यायचे. पुढे सालाझारची राजवट आली, ती 1974 पर्यंत टिकली. हीच राजवट आपल्याकडे 1961 पर्यंत होती, त्यामुळे सेन्सॉर म्हणजे काय हे आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. गरीब पण समाधानी, असं गाणं चालायचं. गरीब आणि भुकेली, असं गाणं अडायचं.

याचं एक उदाहरण सांगतो, ते मला विसरता येत नाही. ब्राझीलमध्ये 1940 च्या दशकात 'मांय प्रेता' नावाचं गाणं झालं, म्हणजे 'काळी आई'. गुलाम बाई मालकाच्या गोऱ्या मुलाला जोजवतेय आणि तिच्या स्वतःच्या माणसाला चाबूक बसतोय, असा विषय. कामकरी बाईवरचंच गाणं. पोर्तुगालमध्ये ते शब्द सेन्सॉरला चालले नाहीत. मग त्याच चालीवर नवीन शब्द बसवले, किनाऱ्यावर आपल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचे. ते 'बार्कु नेग्रु', काळी होडी. अमालियांनी ते 1955 च्या एका फ्रेंच सिनेमात गायलं आणि जगभर गाजलं. आपल्यासारख्यांना ते गाणं लगेच भिडतं, कारण होडीची वाट बघणं आपल्याला माहीत आहे. पण त्याच्या खाली दुसरी बाई गाडलेली आहे हे कळल्यावर ऐकताना घास अडकतो. समुद्राने नेलेला नवरा गाण्यात चालला, मालकाने मारलेला चालला नाही.

आणि खऱ्या वारीनांचं काय चाललं होतं? रस्त्यावर विकायला पालिकेचा परवाना लागायचा. 1920 च्या दशकाच्या शेवटी शहरात अनवाणी फिरायला बंदी आली, आरोग्य आणि शहराची अब्रू ही कारणं देऊन. वारीना तर जन्माच्या अनवाणी, चढावर ओल्या दगडी फरशीवर पाय घट्ट बसतो म्हणून. तिथे अजून सांगतात की बायका सपाता पाटीत ठेवायच्या आणि पोलीस दिसला की पायात घालायच्या. एकीकडे 1932 मध्ये मिरवणुकीत वारीनाचा वेष करून नाचणाऱ्या मुलींना टाळ्या, आणि त्याच वर्षांत खऱ्या वारीनाला पायांवरून दंड. दोन्ही एकाच शहरात.

तिला तशी बघणारा एक कवी होता. सेझारियू व्हेर्द, 1855 चा, फक्त 31 वर्षं जगला. 1880 मध्ये त्याने लिस्बनच्या संध्याकाळवर एक लांब कविता लिहिली. तिच्यात कामावरून परतणाऱ्या वारीना आहेत. त्या दणकट आहेत, हसतायत, पण दिवसभर अनवाणी कोळसा उतरवून आलेल्या आहेत, आणि ज्या वस्तीत त्या जातायत तिथे कुजकी मासळी आणि रोगराई आहे. पाटीत निजणाऱ्या त्यांच्या पोरांचं पुढे दर्यावर काय होतं, तेही तो सांगून जातो. ही कविता आज तिथल्या शाळांत शिकवतात. तो जिवंत असताना फारसं कोणी विचारलं नाही. घरचं लोखंडाच्या सामानाचं दुकान सांभाळायचा, त्यामुळे वजन आणि किंमत त्याला कळत असावी, असं मला आपलं वाटतं.

गाण्याने आणखी एक निवड केली. रस्त्यावर दिसणारी बाई घेतली, भिंतीआडची सोडली. लिस्बनच्या दक्षिणेला सेतुबाल नावाचं बंदर आहे. तिथे तारली डबाबंद करण्याचे कारखाने होते, आणि तिथे कापणाऱ्या, मांडणाऱ्या, डबे भरणाऱ्या बहुतेक बायका. होड्या आल्या की कारखान्याचा भोंगा व्हायचा, रात्री दोन वाजता असो नाहीतर पहाटे चार, उठून धावायचं. मासळी नाही तर काम नाही, काम नाही तर पैसा नाही. 1911 मध्ये या कामगारांनी संप केला. 13 मार्चला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दोघं मेली. त्यातली एक कारखान्यातली बाई, मारियाना तोरेश. राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्याला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. वारीनावर किती फादो आहेत आणि मारियाना तोरेशचं नाव किती जणांना माहीत आहे, तुम्हीच विचार करा.

कपडे धुणाऱ्या बायकांचं थोडक्यात सांगतो. लिस्बनच्या बाहेरच्या खेड्यांतल्या बायका शहराचे कपडे गाठोड्यांत बांधून न्यायच्या, ओढ्यावर धुवायच्या, वाळवून परत आणायच्या. 1939 मध्ये बेआत्रीझ कोश्ता या नटीचा त्यांच्यावर सिनेमा आला, गाण्यांसकट. पांढरे शुभ्र कपडे, गाणाऱ्या हसऱ्या बायका. थंड पाण्यात सोड्याने हात फाटतात ते अर्थातच दिसत नाही.

पण सगळंच गाणं असं नाही, आणि इथे मला माझं मत थोडं बदलावं लागलं. 1959 मध्ये मिशेल जाकोमेत्ती नावाचा कोर्सिका बेटावरचा माणूस पोर्तुगालला आला आणि तिथेच राहिला. टेपरेकॉर्डर घेऊन खेडोपाडी फिरला. संगीतकार फेर्नांदू लोपिश-ग्रासा यांच्याबरोबर त्याने तिथलं लोकसंगीत गोळा करून रेकॉर्ड काढल्या. 1970 च्या दशकात टीव्हीवर मालिकाही केली. त्यात बायका आहेत, पण कोणी त्यांच्यावर गात नाही, त्या स्वतः गातात. कापणी करताना, ऑलिव्ह गोळा करताना, जवसाचं सूत काढताना. गाण्याचा ताल म्हणजे हाताचा ताल. दम लागतो तिथे ओळ तुटते. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या आठवा. ओवीत कंबरेचं कौतुक नसतं, सासर असतं, भाऊ असतो, पीठ असतं. फादोतली वारीना खिडकीतून बघितलेली आहे. कामाच्या गाण्यातली बाई स्वतः बोलते. दोन्हीला 'कामकरी बाईचं गाणं' म्हणतात, पण दोन्ही एक नव्हेत.

जाकोमेत्तीचं मला आवडलेलं काम पुढे आहे. 1975 मध्ये, क्रांतीनंतर, त्याच्या हाताखाली विद्यार्थ्यांना गावोगावी पाठवलं. त्यांनी नुसती गाणी नाही आणली, अवजारं आणली. विळे, टोपल्या, वजनमापं, चाकं. गाणं आणि ज्या हत्याराबरोबर ते गायलं जायचं ते हत्यार, एकाच ठिकाणी. ती सगळी वस्तू आज सेतुबालमध्ये त्याच्या नावाच्या कामगार संग्रहालयात आहेत, आणि ते संग्रहालय कुठे, तर तारलीच्या डब्यांच्या जुन्या कारखान्यात. भोंगा ऐकून बायका जिथे धावत जायच्या तशाच एका इमारतीत.

वारीनांचा धंदा मात्र संपला. शीतगृहं आली, सुपरमार्केट आली, फेरीवाल्यांवर कडक नियम आले, आणि मुलींनी दुसरी कामं धरली, ते बरंच झालं. धक्क्याजवळचा रिबेइरा बाजार, 1882 ची इमारत, तिथे अजून एका भागात मासळी-भाजी विकतात. दुसऱ्या मोठ्या भागात 2014 पासून खाण्याचे स्टॉल आहेत, जगभरचे पर्यटक रांग लावून जेवतात. माद्रागोआतली घरं पर्यटकांना भाड्याने जातात. उत्तरेकडे नाझारेला अजून काही बायका जाळीच्या चौकटींवर मासळी वाळत घालतात, घोळदार घागरे घालून. त्यांचे फोटो खूप निघतात.

इथे मी आपल्याकडे येतो. आपल्याही मासळीवाल्यांचे फोटो निघतात. हॉटेलच्या भिंतीवर त्यांची चित्रं असतात, कार्निव्हालच्या चित्ररथावर कोणीतरी पाटी घेऊन बसलेली असते. माझी आई डोक्यावरून मासळी विकायची. उधारी दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने रेघा मारून ठेवायची, कुठली रेघ कोणाची ते फक्त तिला ठाऊक. शेवटची दहा वर्षं मान उजवीकडे वळत नव्हती. तिच्यावर गाणं कोणी केलं असतं तर तिला आवडलं असतं, ती नाचलीही असती. पण संस्थेत ती कधी सभासद नव्हती, कारण बोट बाबांच्या नावावर होती.

आजही आपल्या सभासद रजिस्टरात बोटमालकांची नावं, म्हणजे जवळजवळ सगळे पुरुष. बोट नाही तर सभासद नाही, अशी पद्धत पडून गेलीय. बर्फ, कर्ज, विमा, सगळं बोटीवरून मोजतो. जी बाई आपलीच मासळी आपल्याच लिलावात घेऊन बाजारात बसते, ती आपल्या कागदावर कुठेच नाही. पोर्तुगीजांकडून आपण 'पगार' हा शब्द घेतला, पण वारीनाला तिथे पगार नव्हता आणि आपल्या बायकांना इथे नाही. त्यामुळे धंद्याचा पुरावा मागितला की त्यांच्याकडे दाखवायला काहीच नसतं. विक्रेत्या महिलांना स्वतःच्या नावावर सभासदत्व द्यायचा विषय व्यवस्थापन समितीपुढे ठेवला आहे, वार्षिक सभेत तो येईल. विरोध करणारे मला माहीत आहेत, त्यांनी सभेत येऊन बोलावं, जेटीवर नको.

त्याआधी एक काम. बंदीचे दिवस आहेत, घरातल्या म्हाताऱ्या बायका मोकळ्या आहेत. ज्यांच्या घरी आजीची पाटी, जुनी मापं, तराजू, चुंबळ असेल त्यांनी संस्थेच्या ऑफिसात दाखवायला आणा, फोटो काढून परत देऊ. आरोळी आठवत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा, गाणी-ओव्याही पाठवा. आणि त्याबरोबर हे विचारून लिहा: पाटीत किती मासळी मावायची, कुठून कुठपर्यंत चालत जायची, भांडवल कोणाकडून घ्यायची, त्यावर किती द्यायला लागायचं, न खपलेल्या मासळीचं काय करायची. ऑफिस सकाळी दहा ते एक उघडं आहे, रविवार सोडून.